समुद्राकडची रोषणाई

मुबीनने भिंतीला शिडी टेकवली तेव्हाच या कामात कुणाच्या पदरात काय पडणार, ते मी मनात मांडून ठेवलं होतं. मुबीनला दोन दिवसांची मजुरी, शिवाय माझ्या घराकडे बोट दाखवून गावात आणखी चार कामं मिळवायची सोय. माझ्या बायकोला, सुगंधाला, दर दिवाळीत नवरा शिडीवरून पडणार या धाकातून सुटका. तिच्या घाटकोपरच्या भावाला, जो आमच्या नांदवलीला यायचं ठरलं की आधी टॉर्च विकत घ्यायचा, एक सणसणीत उत्तर. आणि मला? मला चारचौघांत सांगण्यासारखे दोन फायदे होते आणि न सांगण्यासारखा एक. काम मी त्या एकासाठीच काढलं होतं.

"काका, रस्ता मागं हाय," मुबीन वरून म्हणाला. "तुम्ही लाईटची पट्टी समुद्राच्या बाजूला मारायला सांगताय. बघणार कोण?"

"तू मार."

"म्हाकूल बघतील म्हणा. म्हाकूल मासे उजेडाला येतात."

"म्हाकूल येऊ दे नाहीतर तांडेल येऊ दे, तू आपलं काम कर."

बोलून गेलो आणि जीभ चावली. मुबीन हसला नाही, मान खाली घालून ड्रिलचं बिट बदलू लागला. म्हणजे त्याला कळलं.

तांडेल म्हणजे ज्याच्या हातात बोटीचं सुकाण तो. नांदवलीतला पहिल्या नंबरचा तांडेल होता माझा थोरला भाऊ, हिराजी. आमच्या खाडीचं तोंड अरुंद. दोन्ही अंगांना पाण्याखाली वाळूचे पट्टे, आणि तेही दर पावसाळ्यात थोडे सरकणारे, त्यामुळे यंत्रावरचा नकाशा तिथे फारसा कामाचा नाही. गावातल्या प्रत्येक तांडेलाची बोट त्या वाळूला एकदा तरी घासली होती. दादाची नाही. पस्तीस वर्षांत एकदाही नाही. लग्नाच्या पंगतीत पहिलं पान त्याचं मांडायचे. नवी बोट पाण्यात उतरली की सुकाणाला पहिला हात त्याचा लावून घ्यायचे.

त्याच आईच्या पोटी सात वर्षांनी मी. मला बोट लागते. लोकांना एसटी लागते तशी. कोळ्याच्या पोराला समुद्र सोसत नाही म्हणजे वाण्याच्या पोराला तराजू बघून घेरी येण्यासारखं. सोळाव्या वर्षी वडील मला पहिल्यांदा मासेमारीला घेऊन गेले. परत आलो तेव्हा मी जाळ्यावर आडवा होतो आणि खलाशांनी माझ्यावर दोन बादल्या पाणी मारलं होतं. दादाने मला काखेत धरून धक्क्यावर उतरवलं आणि सगळ्यांदेखत वडिलांना म्हणाला, "आबा, ह्याला शिकवा. हे झाड सावलीत वाढणारं हाय."

धक्का हसला. मी शिकलो. मच्छीमार सोसायटीत कारकून झालो आणि कुठल्या बोटीला किती डिझेल गेलं ते रजिस्टरात लिहू लागलो. अठ्ठावीस वर्षं डिझेल लिहिता लिहिता कोण किती पाण्यात आहे तेही नोंदवत गेलो, ते मात्र रजिस्टरात नाही. दादा सहीला आला की पेन उचलताना म्हणायचा, "काय रे सावलीतल्या, बरं चाललंय ना?" त्यात विष नव्हतं. पण अठ्ठावीस वर्षं रोज थोडं थोडं मीठ खाल्लं तर वेगळं विष लागत नाही.

मग मी खाडीच्या काठी दुमजली घर बांधलं. वास्तुशांतीला दादा आला, पोटभर जेवला, जाताना घराकडे वळून बघितलं. मी श्वास धरून उभा. म्हणाला, "जिना चांगला हाय."

दोन मजले, समोर गॅलरी, वर टाकी, आणि माणसाला दिसला काय, तर जिना!

तर न सांगण्यासारखा फायदा तो हा. दादा समुद्रातून येताना दर फेरीला संध्याकाळी त्याच्या नजरेसमोर माझं घर झगमगलं पाहिजे. त्याची इच्छा असो नसो. आणि कधीतरी एकदा, चहा पिताना, जाळं विणताना, कुणाच्या मयताला बसलेलं असताना का होईना, त्याने म्हणावं, "मोऱ्या, तुझं घर दिसलं रे." एवढंच. माणूस केवढ्याशा शब्दासाठी केवढा खटाटोप करतो, ते बघायचं असेल तर माझ्याकडे बघा.

"चिकटवून लावू की पक्की?" मुबीनने विचारलं.

"पक्की. कायमची."

"मग ॲल्युमिनियमची चॅनल मारावी लागेल, स्टेनलेसचे स्क्रू, वरून सिलिकॉन. खाऱ्या हवेत नुसती चिकटवलेली गणपतीपर्यंत पण राहायची नाय. ही मारली की मी मेलो तरी निघणार नाय."

"तू जग. पण कनेक्शन इन्व्हर्टरवर घे. आणि अंधार पडला की आपोआप लागली पाहिजे. बटणाची भानगड नको."

"लाईट गेली तरी चालू?"

"लाईट गेली तरच मजा आहे, मुबीन."

हे वाक्य मला पुढे फार महाग पडायचं होतं. त्या वेळी मात्र स्वतःवरच खूश होऊन मी त्याला दोन लाडू जास्त दिले.

दिवाळीत पट्टी पहिल्यांदा लागली. छपराच्या कडेने, गॅलरीखालून, जिन्याच्या बाजूने वळत वळत लाल, हिरवी, निळी, जांभळी, आणि मग सगळे रंग एकदम पळायला लागत. गावातली पोरं बघायला आली. मेव्हण्याला व्हिडिओ पाठवला, त्याने उत्तरात नुसता अंगठा पाठवला, म्हणजे लागलं. भाऊबीजेनंतर दादा सोसायटीत आला, सही केली आणि म्हणाला, "मोऱ्या, घराला ताप आलाय का रे? रंग बदलतंय ते."

सोसायटी हसली. मी घरी आलो तर सुगंधानेही तेच सुरू केलं. "हायवेवर ते फॅमिली रेस्टॉरंट असतं ना, ज्यात फॅमिली जात नाही, तसं दिसतंय आपलं घर. परवा पलीकडच्या काठावरून बघून एक गाडीवाला आला आणि जेवण आहे का म्हणून विचारून गेला."

तेव्हा मी प्रतिष्ठितपणाकडे वळलो. मुबीनला बोलावून रंग बदलणारा डबाच काढून टाकायला लावला आणि पट्टी पांढरी करून घेतली. शुभ्र, स्थिर, न हलणारी. घर एकदम शांत, सुशिक्षित दिसू लागलं. आता हसायला जागाच नाही, असं मला वाटलं. रंगांनी फार तर हसूच झालं असतं, हे कळायला मला अजून अवकाश होता.

पौषातली वद्य अष्टमी होती. तिथी पक्की लक्षात आहे कारण अष्टमीला भांगाची भरती, म्हणजे पाणी मुळातच कमी चढतं. संध्याकाळी पावणेसातला ट्रान्सफॉर्मर फुटल्याचा आवाज आला आणि गाव काळं झालं. एरवी अशा वेळी बर्फाच्या कारखान्याचं जनरेटर धडधडायला लागतं आणि त्यांच्या टाकीवरचा मोठा पांढरा दिवा तेवढा पेटतो. पण कारखाना आदल्याच दिवशी दुरुस्तीला बंद झाला होता आणि जनरेटर तालुक्याला नेलेलं. डोंगरावरच्या जाखमातेच्या देवळाचा सोलरचा दिवा, आणि खाली काठावर मी. बाकी कुठे काही नाही.

मी गॅलरीत खुर्ची टाकून बसलो.

"सुगंधा, बाहेर ये. बघ."

"काय बघू? काळोख?"

"काळोखच. आणि त्यात आपण."

ती पदराला हात पुसत आली. खाली कुणीतरी मेणबत्ती शोधताना कशाला तरी ठेचकाळून शिव्या देत होतं.

"बंद करा हो," ती म्हणाली. "शेजारीपाजारी चाचपडतायत आणि आपण नवरदेवासारखे नटून बसलोय. बरं दिसत नाही."

"कायमचं आहे ते. बटण नाही."

"कायमचं म्हणजे बटण नसतं का? देवळातला नंदादीपसुद्धा कुणीतरी विझवू शकतो."

एवढ्यात समुद्रावर एक दिवा दिसला. थोडा पिवळट, डुलत येणारा. तो मी ओळखला. भवानीप्रसाद, दादाची बोट.

"भाऊजी आज असे कसे येतायत?" सुगंधा म्हणाली. "सरळ आपल्याकडेच."

खरंच, बोट सरळ आमच्याकडे येत होती. तिचा दिवा डावीकडे नाही, उजवीकडे नाही, बरोबर माझ्या नाकासमोर मोठा होत होता. माझ्या मनात काय आलं ते आज सांगायला लाज वाटते, पण लिहायलाच बसलोय तर सांगतो. मला वाटलं, दिसलं. अखेर दिसलं याला. सगळं गाव बुडालेलं असताना एकटं माझं घर उभं आहे, आणि याला दुसरीकडे बघायला जागाच नाही. मी खुर्चीतून उठलो, शर्टाची बटणं नीट केली आणि कठड्याशी उभं राहून हात वर केला. राजाने सज्जातून करावा तसा.

दिवा थांबला. मग हळूच एका बाजूला कलला.

"अहो," सुगंधाने माझा वर केलेला हात खाली ओढला. "ती टेकली. वाळूवर टेकली ती!"

त्यानंतर भोंगा वाजायला लागला.

वाळूवर टेकलेल्या बोटीचं गणित लहान मुलालाही येतं. पाणी उतरायला लागलं होतं. अर्ध्या तासात ओढून काढली तर काढली, नाहीतर ती आडवी पडणार आणि पुढच्या भरतीच्या लाटा तिला तिथेच आपटून फोडणार. धक्क्यावर माणसं धावली, टॉर्च नाचले, तीन बोटी सुटल्या. मी कधी आणि कसा पहिल्या बोटीत चढलो ते मला आठवत नाही. आठवतं ते एवढंच, की बोट खाडीच्या तोंडाशी पोचायच्या आत मी दोनदा ओकलो होतो आणि कुणीतरी म्हणत होतं, "ह्या कारकुनाला कुणी घेतलं रे?"

भवानीप्रसाद चांगलीच कलली होती. खलाशी माशांचे क्रेट पाण्यात ओतत होते, दोन दिवसांची मेहनत, बोट हलकी करायला. दादाचा मुलगा दिगंबर छातीभर पाण्यात उतरून दोर बांधत होता. आणि दादा सुकाणाशी उभा होता, एका हाताने धरून, जणू ती अजून चालतेच आहे.

"दादा! काय झालं?" मी ओरडलो.

त्याने माझ्याकडे बघितलं. मग माझ्या डोक्यावरून मागे, काठाकडे बघितलं. बराच वेळ. मग परत माझ्याकडे.

"ओकून झालं ना?" तो म्हणाला. "मग दोर धर."

मी दोर धरला. जन्मात पहिल्यांदा समुद्रावर माझ्या हातून काही उपयोगाचं झालं. तीन इंजिनांनी एकदम जोर लावला, तिसऱ्या हिसक्याला खालून कडाड असा आवाज आला आणि बोट निघाली. सुकाण मोडलं होतं. माणूस एकही दुखावला नाही.

धक्क्यावर पन्नास-साठ जण जमले होते. सोसायटीचे चेअरमन भिकाजी नाखवा हातात पेट्रोमॅक्स घेऊन उभे होते. त्यांनी दिवा दादाच्या तोंडासमोर धरला.

"हिराजी, तू? वाळूवर? तू?"

त्या एका 'तू'मध्ये कितीजणांचं काय काय होतं! ज्यांच्या बोटी घासल्या होत्या आणि ज्यांना गेली पस्तीस वर्षं दादाचं नाव ऐकावं लागलं होतं, ते सगळे कान टवकारून होते. कुणीही वाईट माणूस नव्हता. पण पहिलं पान रिकामं होतंय म्हटल्यावर पंगतीतला प्रत्येकजण जरा सरसावून बसतोच.

दादाने डोक्याचा रुमाल सोडला, तोंड पुसलं.

"माझे डोळे गेले रे," तो म्हणाला. "संध्याकाळचं नीट दिसत नाय मला. चार महिने झाले. लपवलं. चूक झाली."

भिकाजींनी दिवा खाली घेतला. दादा मुलाकडे वळला.

"दिगा, उद्यापासून सुकाण तुझं."

"बाबा, पण ती..." दिगंबर पुढे आला.

"गप. सुकाण तुझं म्हटलं ना?"

दिगंबरने माझ्याकडे असं काही बघितलं की मी नजर फिरवली. वाटलं, पोरगं दमलंय.

मला वाईट वाटलं. खरंच वाटलं. पण खोटं कशाला सांगू, रुपयात बारा आणे वाईट वाटलं आणि उरलेले चार आणे गोड होते. दादालाही काहीतरी सोसत नव्हतं तर! मला समुद्र, त्याला संध्याकाळ. घरी आल्यावर मी सुगंधाला म्हटलं, "बघ, शेवटी माणूसच तो." ती माझ्याकडे बघत राहिली आणि म्हणाली, "आधी आंघोळ करा. वास येतोय."

पुढचे दोन महिने मी थोर झालो. दादा काठावर जाळी दुरुस्त करत बसायचा आणि मी सोसायटीतून येता-जाता त्याच्याशी थांबून बोलायचो, जरा मोठ्याने, आजाऱ्याशी बोलतात तसं. पंगतीत पहिलं पान आता दुसऱ्याचं मांडू लागले होते, दादा मधेच कुठेतरी बसून जेवायचा. दिगंबर रजिस्टरात सही करायचा आणि पेन माझ्या हातात न देता टेबलावर ठेवून जायचा. मी म्हणायचो, नवीन तांडेल, टेन्शन असेल.

मग मी जाहीर केलं की दादाचे डोळे मी दाखवून आणणार. तालुक्याला, चांगल्या डॉक्टरकडे, सगळं माझ्याकडून. हे मी सोसायटीत सांगितलं, धक्क्यावर सांगितलं, पिठाच्या गिरणीत सांगितलं.

"नको रे मोऱ्या," दादा म्हणाला. "काय करायचंय ह्या वयात?"

"दादा, हल्ली वीस मिनिटांचं ऑपरेशन असतं. भीती वाटते का?"

"भीती नाय."

"मग?"

त्याने जाळ्याची गाठ दाताने तोडली. यमुना वहिनी मागून म्हणाली, "जावा हो. भाऊ एवढा म्हणतोय, त्याला पुण्य मिळू द्या." ते बोलणं मला तेव्हा साधं वाटलं.

डॉक्टर तरुण मुलगी होती. तिने दादाला खुर्चीत बसवलं, समोरच्या भिंतीवर अक्षरांचा तक्ता. एक डोळा झाकून दादाने वरची ओळ वाचली, मधल्या वाचल्या, सगळ्यात खालची मुंगीएवढी ओळ वाचली. मग दुसरा डोळा. तसंच.

"त्याच्या खाली छापखान्याचं नाव पण हाय," दादा म्हणाला. "वाचू?"

डॉक्टरने डोळ्यांत औषध घातलं, अर्धा तास बसवलं, भिंगातून आत बघितलं. "पडदा स्वच्छ आहे, मोतीबिंदू नाही. अंधारातसुद्धा छान दिसत असणार तुम्हाला. काका, तुम्ही आलात कशासाठी?"

"ह्याने आणलं."

"मग यांनाच बसवा."

मी बसलो. तीन ओळी वाचल्या, चौथीत अडकलो. मला दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदूची सुरुवात निघाली. गावभर दवंडी पिटून भावाचे डोळे तपासायला नेले आणि माझ्याच नावाची चिठ्ठी घेऊन बाहेर पडलो.

एसटी स्टँडवर गाडीला वेळ होता. कँटीनमध्ये आम्ही चहा मागवला. मी डॉक्टरची चिठ्ठी घडी घालून खिशात टाकली.

"दादा, तुला दिसतंय."

"दिसतंय तर."

"मग त्या दिवशी?"

"त्या दिवशी पण दिसलं. चांगलं ठळक दिसलं," तो म्हणाला. "तुझं घर."

 तो शब्द ऐकायला मी घराला भोकं पाडली होती.

दादाने पाण्याचा ग्लास पुढे ओढला आणि त्याच्या मागे साखरेची बरणी ठेवली. "ही बरणी म्हणजे जाखमातेचा दिवा. हा ग्लास म्हणजे बर्फाच्या कारखान्याचा. आत येताना दोन्ही एकावर एक आले की तुझी बोट मधल्या पाण्यात. आबांनी आपल्याला शिकवलेलं."

"मला नाही शिकवलं."

"तू ओकत होतास." तो हसला. "त्या दिवशी गाव सगळं काळं. वर जाखमाता, खाली एकच पांढरा दिवा, लांबून पट्टी काय नि दिवा काय. मी दोन दिवस समुद्रात, कारखाना बंद झालेला मला ठाऊक नाय. म्हटलं, त्यांचं जनरेटर लागलं. तो धरला." त्याने ग्लास चार बोटं डावीकडे सरकवला. "हे तुझं घर. एवढाच फरक. एवढीच वाळू."

"पण तू येता-जाता बघायचास ना माझी पट्टी!"

"एरवी शंभर दिवे असतात. त्यात कुठला कुणाचा ते कळतं. एकच उरल्यावर तो कुणाचा ते कसं कळायचं? तरी पण तांडेलाने थांबायला हवं होतं. पाणी उतरत होतं, मी घाई केली. चूक माझी पण हाय."

"मग लोकांना सांगायचंस! डोळे गेले म्हणून का सांगितलंस?"

"हळू बोल," तो म्हणाला. शेजारच्या टेबलावरच्या बाईने वळून बघितलं होतं. "धक्क्यावर साठ माणसं उभी. डोकी तापलेली. मोऱ्याच्या लाईटीने बोट वाळूत घातली म्हटलं असतं, तर तुझी पट्टी काढायला शिडी लागली नसती, दगड पुरले असते. बरं, दगड एक दिवसाचे. पुढं जन्मभर कुणाची पण बोट घासू दे, नाव तुझं. तुला त्यांच्यातच राहायचंय, मोऱ्या. तुला पळायला समुद्र पण नाय."

 कारकुनाला जे सुचतं तेच मला सुचलं. "दिगाला माहीत आहे?"

"तो पुढं उभा होता. त्याने पण तेच बघितलं. त्याला मी जाखमातेची शपथ घातली. तुझ्या वहिनीला न सांगता कळलं."

माझ्या डोळ्यांसमोर टेबलावर ठेवलेलं ते पेन आलं. पुण्य मिळू द्या म्हणालेली वहिनी आली. गॅलरीत वर केलेला माझा हात आला. चहावर साय धरली होती, ती मी बोटाने काढत राहिलो.

"आज घरी गेल्या गेल्या काढतो ती पट्टी," मी म्हटलं. "स्क्रूसकट उपटतो."

"काढायची नाय."

"दादा!"

"आज माझे डोळे चांगले निघाले, हे गावाला सांगायचं नाय, ते एक. आणि आज तू दवाखान्यातून येऊन पट्टी काढलीस, तर लोक दोन आणि दोन चार करतील. हे दुसरं. आणि तिसरं..." त्याने बरणी जागेवर सरकवली. "तिसरं म्हणजे, मी पोरांना हळूच सांगून ठेवलंय, डाव्या हाताला ती पांढरी पट्टी दिसते तिच्या समोर वाळू, तिकडं फिरकू नका. आता सगळे तांडेल ती धरतात. दोन महिन्यांत एकाची बोट घासली नाय. तू विझवलीस तर वाळू परत दिसेनाशी होईल."

"म्हणजे माझं घर..."

"धोक्याचा दिवा हाय," दादा म्हणाला. "चांगला हाय. पांढरा, हलत नाय, लाईट गेली तरी जात नाय. सरकारने पण एवढा पक्का लावला नसता."

आमची गाडी लागली. तो उठला, आणि चहा मी द्यायच्या आत त्याने दिला.

याला आता अकरा वर्षं झाली. दादा गेल्या माघात गेला. शेवटपर्यंत संध्याकाळच्या वेळी काठीने चाचपडत चालायचा, गावासमोर, नीट. मी सोबत असलो की माझा हात धरायचा. दिगंबरनेही शपथ शेवटपर्यंत पाळली. तेराव्याला जेवणं झाल्यावर तो माझ्याजवळ येऊन म्हणाला, "काका, आता सांगितलंत तरी चालेल." म्हणून सांगतोय.

तेव्हा कुणी काय भरलं, ते एकदा लिहून ठेवतो. पट्टी खाऱ्या हवेने दोनदा गेली, ती मी बदलली. इन्व्हर्टरची बॅटरी तीनदा, ती मी. पट्टी विझू नये म्हणून अकरा वर्षांत एकाही रात्री घर बंद ठेवून आम्ही कुठे राहिलो नाही, मेव्हण्याच्या मुलाच्या लग्नालासुद्धा एकटी सुगंधा गेली, ते आम्ही दोघांनी मिळून भरलं. दोन दिवसांची मासळी आणि मोडलेलं सुकाण भवानीप्रसादच्या माणसांनी. आणि पस्तीस वर्षांत वाळूला न लागलेलं नाव, पंगतीतलं पहिलं पान, समुद्रावरची पुढची सगळी वर्षं, ते एकट्या दादाने भरलं, आणि पावती फाडली ती स्वतःच्या धडधाकट डोळ्यांच्या नावावर.